पांढऱ्या फुग्याच्या मागे

मोठ्या कार्यक्रमांत फेस पेंटिंगच्या टेबलापुढे मुलांची जी रांग लागते, तिच्या अगदी शेवटी मी उभी असते. अकरा वर्षं झाली. चेहरे रंगवणाऱ्या बायका खुर्च्यांवर बसलेल्या असतात, फुगेवाले पंप घेऊन फिरत असतात, आणि या सगळ्यांना गोळा करून आणणारी मी रांगेच्या टोकाला एक पांढरा फुगा धरून उभी. मुलांना वाटतं मीही रांगेतच आहे. एका चिमुरडीने एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं, "आंटी, तुम्ही काय होणार? वाघ की फुलपाखरू?" मी म्हटलं, "मी मॅनेजर होणार." तिला ते मुळीच आवडलं नाही.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. कंपन्यांचे फॅमिली डे, शाळांचे मेळे, मोठ्या अपार्टमेंटांचे वार्षिक उत्सव, अशा ठिकाणी चेहरे रंगवणारी आणि लांब फुगे पिळून कुत्रे-ससे करणारी माणसं लागतात. ती मी पुरवते. स्वतः मला सरळ रेघ काढता येत नाही. मी काढलेलं मांजर बटाट्यासारखं दिसतं. पण उन्हात काळे फुगे न्यायचे नाहीत कारण ते आधी फुटतात, फुग्यांच्या तलवारी करायच्या नाहीत कारण पाच मिनिटांत मारामाऱ्या सुरू होतात, हे मला कळतं. आणि रांग कुठे तोडायची, तेही कळतं.

एक पेंटर तासाला साधारण बारा चेहरे करते. वाघाला वेळ लागतो, फुलपाखरू पटकन होतं. कार्यक्रम संपायला तीन तास उरले की मी खुर्च्या मोजते, मुलं मोजते आणि जिथे आमची ताकद संपते त्या मुलाच्या मनगटाला पांढरा फुगा बांधते. बाकी कुठेही आम्ही पांढरा फुगा वापरत नाही. त्या फुग्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. जो येईल त्याला मी तिथल्या तिथे सांगते की लाईन बंद झाली. कन्नडमध्ये, हिंदीत, इंग्रजीत आणि कधीमधी मराठीत. आईबाप चिडतात, मुलं भोकाड पसरतात, पण मी बधत नाही. या बाबतीत माझं मला मोठं कौतुक वाटायचं.

नियम मात्र माझा नाही. तो माझ्या अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा.

पहिल्या वर्षी असं काही नव्हतं. रांग लागेल तेवढी लागू द्यायची आणि वेळ संपली की ब्रश धुवायला घ्यायचे. एका शाळेच्या मेळ्यात तासभर उभ्या राहिलेल्या एका मुलीची पाळी आली आणि नेमकं तेव्हाच टेबल आवरायची वेळ झाली. ती रडली नाही. नुसती खुर्चीकडे बघत राहिली. अक्काने सगळ्यांदेखत मला झापलं. "मिळायचंच नव्हतं तर तिला उभं कशाला केलंस, पुट्टी? नाही म्हणून आधी सांगायचं. उभं करून ठेवायचं नाही कुणाला." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये लहान मुलगी. मी तेव्हा चाळिशीला आले होते, आणि आता एक्कावन्न वर्षांची पुट्टी आहे. बांधलेलं टेबल अक्काने पुन्हा सोडलं, त्या मुलीला फुलपाखरू केलं आणि घरी जाताना पांढऱ्या फुग्याचा नियम ठरवला. त्याला दुसरी बाजूही होती. पांढरा फुगा हा दिलेला शब्द आहे. एकदा बांधला की त्या मुलापर्यंतचे सगळे चेहरे रंगलेच पाहिजेत, तोवर खुर्चीवरून कुणी उठायचं नाही.

आम्ही दोघी के. आर. पुरममध्ये राहतो. आमचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी या कन्नड मुलखात आलं म्हणतात. कशासाठी आलं ते आता कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी टिकली, पण तिच्यात इतकी कन्नड मुरली आहे की एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलेल्या पुण्याच्या मुली माझं बोलणं ऐकून "सो क्यूट" म्हणतात. मला त्याचा राग येतो. मी लग्न केलं नाही, करायचं राहून गेलं असंच म्हणू या. भावजी गेल्यावर अक्का माझ्याकडे आली. तिला मूलबाळ नाही. आईवडील गेले, काका-आत्या गेले, चुलतभावंडांची मुलं आपसात इंग्रजी बोलतात. आमच्या घरची ती मराठी बोलणारी आम्ही दोघीच उरलो, एक या खोलीत आणि एक भिंतीपलीकडच्या खोलीत.

अक्का वीस वर्षं बालवाडीत चित्रकला शिकवायची. तिच्यामुळेच मला हे काम सुचलं. माझ्याकडच्या सगळ्या पेंटर तिच्या हाताखाली तयार झाल्या आहेत. तिचं फुलपाखरू दोन मिनिटांत व्हायचं. एका स्पंजवर तीन रंग घ्यायचे, डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठसा आणि वर चार रेघा. रंग दाट आहे की पातळ ते बघायला पेंटर आधी आपल्याच हातावर एक रेघ ओढून बघतात. अक्काचा डावा हात संध्याकाळपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी भरून जायचा. तो ती सोमवारपर्यंत धुवायची नाही. रविवारी सकाळी कॉफी पिताना हात पुढे करून सांगायची, "हा हिरवा बघ. तो एक होता, त्याला बेडूक व्हायचं होतं. नुस्ता बेडूक नाही, पावसातला बेडूक." माझे रविवार असे जायचे. त्यांना मी तेव्हा काही किंमत दिली नाही.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला.

मला ते कळलं एका वाघामुळे. मिशी ओढताना रेघ हलली आणि गालावर नागमोडी झाली. अक्काने क्षणभरही न थांबता तिची वीज केली आणि मुलाला म्हणाली, "हा पावसाळी वाघ." मुलगा खूश. मीही हसले. पण पुढच्या शनिवारी तिच्या सगळ्याच वाघांवर विजा होत्या, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी फुलपाखरांवरही. तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं काहींना, घाबरायचं कारण नाही, गोळ्या घ्या. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण थोडाच.

एका कंपनीच्या कार्यक्रमाचं सगळं बघणारी जी मुलगी होती, तिने मला बाजूला घेतलं. पुण्याची, हुशार, वागायला अगदी गोड. फोनवर एका मुलाचा फोटो दाखवला. डोळ्याच्या कडेला निळा रंग फरफटला होता. "मॅम, रिअली सॉरी, पण पेरेंट्सनी कम्प्लेंट केलीये. नेक्स्ट टाइम त्या आजींना नको ना प्लीज." आजी हा शब्द मला लागला. अक्का पलीकडेच ब्रश पुसत होती. तिने ऐकलं की नाही, मी बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही हे खरं.

त्या संध्याकाळी मी अक्काशी बोलायला हवं होतं. साधी गोष्ट होती. अक्का, तुझा हात आता पेंटिंगला चालत नाही, तू नव्या मुलींना शिकव, माझ्याबरोबर उभी राहा, काहीतरी करू. दोन वाक्यं. चार भाषांत परक्या लोकांना तोंडावर नाही म्हणणारी मी, घरी आले आणि भाजी चिरायला घेतली.

आमचं काम गुरुवारी ठरतं. फोनवरच्या ग्रुपवर मी शनिवार-रविवारचे कार्यक्रम टाकते आणि जे मोकळे असतील ते तसं कळवतात. ग्रुपवर आम्ही अडतीस जण होतो. त्या गुरुवारी मी नवा ग्रुप केला. त्यात सदतीस जणांना घेतलं. जुना ग्रुप मोडला नाही, कारण मोडला असता तर तिला समजलं असतं. तो तसाच ठेवला आणि त्यावर लिहिणं बंद केलं. अक्काला म्हटलं, "सध्या कामं नाहीत गं. कंपन्यांनी फॅमिली डे कमी केलेत." ती म्हणाली, "सरी." म्हणजे बरं.

आणि पुढच्या गुरुवारी सकाळी जुन्या ग्रुपवर तिचा निरोप आला. "मी मोकळी आहे. शनिवार, रविवार दोन्ही."

मी माझ्या खोलीत होते, ती पलीकडे. भिंतीतून तिच्या चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज आला आणि लगेच माझा फोन वाजला. मी उत्तर दिलं नाही. बाकीच्यांनीही दिलं नाही, कारण काय चाललंय हे सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच निरोप. त्याच्या पुढच्याही. तेच शब्द, तीच वेळ. सव्वा वर्ष एकही गुरुवार चुकला नाही. सदतीस माणसं वाचायची आणि गप्प बसायची.

शनिवारी मी फुग्यांची पिशवी आदल्या दिवशीच एका फुगेवाल्याकडे पोचती करायची आणि तिला सांगायची, "एक जागा बघायला जाते." दिवसभर दुसऱ्यांच्या कुटुंबांच्या गर्दीत उभी राहायची आणि परत येऊन जेवताना आज किती ट्रॅफिक होता ते सांगायची. रविवारच्या कॉफीला बोलायला काही उरलं नाही. तिचा डावा हात स्वच्छ असायचा. मला तो बघवत नसे. घरात एक माणूस असून इतकं एकटं वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याला कारण मीच होते म्हणून ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

मधूनमधून खुणा सापडायच्या. डाळीच्या स्टीलच्या डब्याच्या बुडाला निळ्या रंगाचा पुसट डाग. सिंकच्या कडेला चकाकीचे कण. एकदा पिठाचा डबा पालथा करून ठेवला होता आणि त्यावर नीट न पुसलेलं अर्धं फुलपाखरू होतं. मी बाहेर गेले की ती डब्यांवर सराव करत होती. मी तो डबा घासला आणि जागेवर ठेवून दिला.

माझ्याकडे चिक्कोडीकडचा एक बलून आर्टिस्ट आहे, पन्नाशीचा, पहिल्या वर्षापासूनचा. फुग्याचं माकड त्याच्यासारखं कुणी करत नाही. एका शनिवारी पंप साफ करता करता तो म्हणाला, "म्याडम, अक्कानी परवा बी लिवलंय बघा, मोकळी हाय म्हणून. आमी वाचतो न् गप बसतो. बरं न्हाई वाटत." मी त्याला म्हटलं, "तुमचं काम करा." तो करायला लागला.

मग डिसेंबरातला तो शनिवार आला. देवनहळ्ळीकडे, जिथे कालपरवापर्यंत द्राक्षांचे मळे होते, तिथे एका मोठ्या लॉनवर एका कंपनीचा फॅमिली डे होता. सहा पेंटर सकाळपासून बसल्या होत्या. सातवी दुसरीकडचा कार्यक्रम उरकून दोनला येणार होती. तिने सकाळी "निघतेच" म्हणून कळवलंही होतं. दोन वाजता मी मुलं मोजली, सात खुर्च्या धरल्या आणि निळा फ्रॉक घातलेल्या एका मुलीच्या मनगटाला पांढरा फुगा बांधला. सात खुर्च्या धरल्या, पण माणसं बसली होती सहाच खुर्च्यांवर. अकरा वर्षांत मी बसलेल्या माणसांवरून मोजत आले. त्या दिवशी यादीवरून मोजलं. सातवी आलीच नाही. फोन बंद.

म्हणजे रांगेत तीसएक मुलं जास्तीची होती. सहाच्या सहा जणींनी हात भरभर चालवायला सुरुवात केली, वाघांऐवजी गालावर छोटी फुलं काढायला लागल्या. तरी भागण्यासारखं नव्हतं. पाचला कंपनीच्या बसेस सुटणार होत्या. निळ्या फ्रॉकची मुलगी फुगा सांभाळत उभी होती, आपल्याला लास्ट नंबर मिळाला म्हणून खुशीत होती. बलून आर्टिस्ट माझ्याजवळ आला. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो काय म्हणणार ते मला कळलं.

मी अक्काला फोन लावला. प्रेमाने लावला असता तर किती बरं झालं असतं. मी लावला कारण मला माणूस कमी पडत होतं.

"अक्का, देवनहळ्ळीला येतेस का? आत्ता. कॅब करून. मी पांढरा फुगा बांधलाय आणि पेंटर कमी आहे."

पलीकडे चष्म्याची डबी मिटली. मी म्हटलं, "अक्का?"

"गुरुवारी मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "शनिवारी मोकळी आहे म्हणून. वाचलं नाहीस?"

मी रांगेकडे बघितलं.

"फुग्यापर्यंत किती मुलं?"

मी आकडा सांगितला.

"सरी. येते."

सव्वातीनला ती आली. चेक्सची जुनी सुती साडी, खांद्याला तिची रंगांची पेटी. पेटी तयारच असणार, इतक्या पटकन भरून होत नाही. सातव्या खुर्चीवर बसली, डावी बाही वर केली, हातावर एक रेघ ओढून रंग बघितला आणि पहिल्या मुलाला म्हणाली, "बा." ये, बस. पेंटर मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. तिथून तिचा हात दिसत होता. ब्रश गालाजवळ गेला आणि ब्रशचं टोक थरथरायला लागलं.

अक्का थांबली. ब्रश बाजूला घेतला. मग आपलं मनगट त्या मुलापुढे केलं आणि म्हणाली, "हिडको. गट्टि हिडको." धर. घट्ट धर.

त्याने दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. मुलं अशी गोष्ट अर्धवट करत नाहीत, सगळा जोर लावला त्याने. तिचा हात थांबला. पूर्ण नाही, पण रेघेपुरता थांबला. फुलपाखराचे पंख जरा जाडसर आले, चार रेघांच्या जागी तीनच काढल्या, पण बघणाऱ्याला ते फुलपाखरूच वाटलं असतं. पुढची मुलगी बसता बसताच मनगट धरायला पुढे सरसावली. मग सगळ्यांनाच त्या खुर्चीवर जायचं होतं, जिथे आपल्याला काम मिळतं. अक्का प्रत्येकाला विचारत होती, कोण व्हायचंय, का व्हायचंय, आणि ते हात न सोडता सांगत होते.

मी पांढऱ्या फुग्याजवळ उभी राहून बघत होते. सव्वा वर्ष तो हात माझ्या घरात होता, एका भिंतीपलीकडे. डब्यांवर फुलपाखरं काढत होता. तो धरून बघावा हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला रडू आलं, आणि त्याच वेळी एक बाप मुलाला घेऊन आला. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की लाईन बंद झाली. तो म्हणाला, ठीक आहे, आधी सांगितलंत ते बरं केलंत.

पाच वाजून दहा मिनिटांनी निळ्या फ्रॉकची मुलगी अक्कासमोर बसली. तिला मोर व्हायचं होतं. बसचा माणूस हाका मारत होता. अक्काने घाई केली नाही. मोर झाला, मुलगी आरशात बघून खुदकन हसली आणि फुगा घेऊन पळाली. पांढरा फुगा ज्याच्या हाताला असेल त्याने घरी न्यायचा असतो.

लॉन रिकामं झालं. सतरंज्या गुंडाळणाऱ्यांचे आवाज येत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्या मुलीच्या जागेवर, अक्कासमोर, जाऊन बसले. तिने ब्रश पुसून पेटीत ठेवले, डब्या एकेक करून बंद केल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊठ. खुर्ची घडी करायची आहे."

परतीच्या वाटेवर कॅबमध्ये ती खिडकीकडे बसली होती. अजून उजेड होता. डाव्या हातावर कोपरापर्यंत पट्टे होते आणि उजव्या मनगटावर मुलांच्या बोटांचे लाल ठसे. मी म्हटलं, "अक्का, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुला सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं गं. पहिल्याच शनिवारी. तुझ्या बोटांना फुग्यांचा वास येत होता."

मला एकदम राग आला, तिचा की माझा ते कळलं नाही. "मग दर गुरुवारी का लिहीत होतीस?"

तिने खिडकीतून नजर काढली नाही. "तू येऊन सांगशील म्हणून. दहा पावलं होती, पुट्टी." मग म्हणाली, "चार वर्षांच्या पोरांना तू सांगतेस, तुझ्यापर्यंत नंबर येत नाही, उभी राहू नको. मला नाही सांगितलंस. मला रांगेत उभी करून निघून गेलीस. माझा नियम होता तो."

हेब्बाळच्या पुलावर गाडी बराच वेळ अडकली होती. ड्रायव्हरने रेडिओ लावला आणि आमच्याकडे बघून बंद केला. मी तिचा हात धरायला गेले. तिने तो मला धरू दिला, पण तो नुसताच माझ्या हातात राहिला.

पुढच्या गुरुवारी मी नवा ग्रुप मोडून टाकला आणि जुन्या ग्रुपवर लिहिलं. शनिवारी शाळेचा मेळा, पेंटर हव्यात, कोण मोकळं आहे? एकेक निरोप येत गेला. बलून आर्टिस्टने तर फुग्याचा इमोजीही पाठवला, पांढरा नव्हे, लाल. मी एकाच निरोपाची वाट बघत होते. माझं लिहिलेलं तिने वाचल्याची खूण दिसत होती. भिंतीपलीकडे चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज आला. मी फोन हातात धरून बसले. तो वाजला नाही.

मग मी उठले आणि ती दहा पावलं चालले. अक्का खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. गुरुवार उजाडला तरी डाव्या हातावरचे पट्टे तिने धुतले नव्हते, फिकट झाले होते नुसते. मी दारात उभी राहून म्हटलं, "अक्का, शनिवारी येशील? हात मी धरेन."

तिने वर बघितलं. रागावलेली नव्हती. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

"नको पुट्टी," ती म्हणाली. "आयतु." झालं. "मी तुला आधीच सांगते, म्हणजे तू उभी राहणार नाहीस."

आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी मात्र बराच वेळ तिथेच उभी होते.